बिनमाइकच्या गाण्याचा साउंडवाला

दिल्लीत तेहतीस वर्षं मी आवाज भाड्यानं दिला. माइक, स्पीकर, मिक्सर आणि वायरींची दोन पोती एवढ्या भांडवलावर करोल बागेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीत, माझं दुकान चाललं. लग्न, जागरण, सेमिनार, गणपती, आमच्या चर्चमधला नाताळ, शोकसभा. जिथं चार माणसं जमून पाचवा बोलणार, तिथं मला बोलावणं यायचं. गिऱ्हाइकांची तक्रार एकच असायची, "साळवेजी, आवाज थोड़ी और बढ़ाओ." आवाज कमी करा, असं म्हणणारं माणूस मला दिल्लीत कधी भेटलं नाही. भेटली तेव्हा एकदम दोन भेटली आणि ती आपल्या महाराष्ट्रातूनच आली होती. हा लेख त्या दोघांबद्दल आहे, आणि थोडा माझ्या शर्टाच्या खिशाबद्दल.

आमच्या धंद्यातली एकच गोष्ट वाचकांनी समजून घ्यायला हवी, ती म्हणजे शिट्टी. माइक हा भोळा प्राणी आहे. त्याच्यावर जो आवाज पडेल तो तो स्पीकरला देतो. पण त्याला स्पीकरच्याच तोंडासमोर उभा केला, तर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अशी काही शिट्टी वाजते की वक्त्यापासून वाढप्यापर्यंत सगळे कानात बोटं घालतात. भाषण कसं झालं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, माइकनं शिट्टी मारली हे मात्र लोक वर्षानुवर्षं सांगतात. माझ्या कार्यक्रमात शिट्टी वाजत नाही, हे मी छाती काढून सांगायचो. मागच्या डिसेंबरपर्यंत ते खरंही होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका सराफानं दुकानात सकाळी भजन ठेवलं आणि मला सांगितलं, स्पीकरचं तोंड समोरच्या सराफाकडे करा, देवाकडे पाठ झाली तरी चालेल. समोरच्यानं दुसऱ्या दिवशी मलाच बोलावून तेच काम उलट्या दिशेनं दिलं. मी दोघांनाही मनापासून सेवा दिली.

एकदा एका कचेरीत शोकसभा होती. दोन मिनिटं मौन सुरू झालं. सगळे माना खाली घालून उभे, आणि मागच्या रांगेतला एक गृहस्थ माझ्याकडे बघून हातानं खुणा करतोय, आवाज वाढवा. मला काय करावं कळेना. शेवटी मी मिक्सरवरचं एक बटण त्याला दिसेल असं थोडं वर सरकवलं. त्यानं समाधानानं मान हलवली आणि पुन्हा दुःखात बुडाला. या माणसाला मी बरीच वर्षं हसलो. आता हसत नाही, कारण मधल्या काळात माझेच कान गेले.

स्पीकरशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि एक कागद हातात दिला. त्यावरची रेघ डावीकडून बरी निघाली होती आणि उजवीकडे येता येता जिना उतरावा तशी खाली गेली होती. म्हणजे ढोल ऐकू येणार, घुंगरू नाही. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या, बोलण्यातले स, श, च गेले. मुलीनं हट्टानं कानामागे बसवायचं मशीन घेऊन दिलं. एकाच कानाचं, कारण दुसऱ्याला मीच नको म्हटलं. मी ते घरी, दारं लावून, बातम्यांपुरतं घालायचो.

बाहेर घालणार कसं? चष्मा लावलेला ड्रायव्हर लोक चालवून घेतात, पण कानाला मशीन लावलेला साउंडवाला कोण बोलावेल? दोन वर्षं मी डोळ्यांनी ऐकलं. मिक्सरवरचे दिवे बघायचे, पहिल्या रांगेतले चेहरे बघायचे, कुणाच्या कपाळाला आठी पडली की बटण खाली. दुकान अजून चालू होतं, कामं येत होती, आणि एकदा हे बाहेर फुटलं की सगळं संपलं, ही भीती घेऊन मी हिंडत होतो. घरात फक्त माझ्या बायकोला, रूथला, माहीत होतं. ती म्हणायची, "कान गेले त्याचं काही नाही, पण तुम्ही ऐकू आल्यासारखी मान हलवता ना, त्याचा वैताग येतो."

अशात वृंदाताईंचा फोन आला. वृंदाताई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेल्या. आम्हीही मयूर विहारलाच राहतो, त्यांची सोसायटी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींचा कुठलाही कार्यक्रम असो, त्यांचा माइक मी लावलेला. फोनवर त्या ठासून आणि मोठ्यानं बोलतात, म्हणून मला त्या फार आवडतात.

"भास्करराव, रविवारी दुपारी चारला आमच्याकडे गाणं आहे. सायली आणि तन्मय म्हणून जोडी आहे. स्वतः गाणी लिहितात, स्वतःच चाली लावतात, गिटार आणि दिमडी घेऊन गावोगाव फिरतात. भोपाळ झालं, ग्वाल्हेर झालं, आता आमचा हॉल. तीसेक माणसं. माइक नको, स्पीकर नको."

"मग मी कशाला?"

"त्यांना शांतता हवीय. आवाजातलं दिल्लीत तुमच्याइतकं कुणाला कळतं? शांततेची व्यवस्था तुम्ही बघा."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मी फुशारलो. आयुष्यभर आवाज पुरवला, आता शांतता पुरवायची. ती ऐकू येते की नाही हे मला विचारणारं तरी कोण होतं?

शनिवारी वही घेऊन वृंदाताईंच्या घरी गेलो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमधली आवाज करणारी प्रत्येक वस्तू लिहून काढली. फ्रीज, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, माशांच्या टाकीचा पंप, दारावरची बेल, जी दाबली की आरती म्हणायची. वृंदाताईंचे यजमान, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, माझ्यामागून काठी टेकत फिरत होते. अप्पा ऐंशीच्या पुढचे, रेल्वेतून निवृत्त. हृदयात पेसमेकर, आणि पांढरे केस कानांवरून थेट कॉलरपर्यंत वाढवलेले. "म्हाताऱ्याला हिप्पी व्हायचंय," असं वृंदाताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

मग खाली उतरलो. भाजीवाल्याच्या गाडीवर रेकॉर्ड केलेली आरोळी वाजत असते. चार ते सहा बंद ठेव म्हटलं. तो म्हणाला, "बाऊजी, टेप बंद, तो आलू भी बंद." शेवटी वृंदाताईंनी त्याला प्रेक्षकांत बसायचं आमंत्रण दिलं तेव्हा तो राजी झाला. चौकीदाराची शिट्टी वृंदाताईंनी दोन तासांसाठी मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली. सोसायटीच्या व्हॉट्सॅपवर त्यांनी हिंदीत निरोप टाकला: रविवारी चार ते सहा आमच्या घरी कार्यक्रम आहे, कृपया शांतता राखा, मोबाइल बंद ठेवा, चपला जिन्यात काढा, खाली बसायची सोय आहे.

रविवारी पावणेचारला पहिल्या मजल्यावरचे खन्नाजी पांढरा कुर्ता-पायजमा घालून, हात जोडून दारात उभे राहिले. दार अप्पांनी उघडलं. खन्नाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून वृंदाताई दिसतात का ते पाहिलं. त्याही दिसल्या. खन्नाजी गोंधळून हळूच म्हणाले, "तो फिर... कौन?"

"कौन क्या?" अप्पा म्हणाले. "आइए, बैठिए, गाना है."

त्यांच्यामागे पांढऱ्या कपड्यांतली आणखी पाच माणसं जिन्यात चपला काढत होती. निरोपात गाण्याचा उल्लेख करायचा राहून गेला होता. पण आलेला माणूस परत पाठवायचा नाही, हा वृंदाताईंचा बाणा. सगळे भिंतीला टेकून, मान खाली घालून बसले. एवढा शिस्तीचा प्रेक्षकवर्ग मी पाहिला नव्हता.

आता खिशाकडे येतो. त्या दिवशी निघताना रूथनं मशीनमध्ये नवा सेल घातला, स्वतः माझ्या कानावर चढवलं आणि म्हणाली, "आज माइक नाही, दिवे नाहीत. आज हे काढलंत तर बघा." मी बरं म्हटलं. वृंदाताईंच्या जिन्यात मात्र पाय अडखळला. वर अर्धी मराठी दिल्ली बसली होती, म्हणजे माझी अर्धी गिऱ्हाइकं. रूथ पुढे गेल्यावर मी मशीन उतरवलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

गाणं सुरू झालं. सायली सतरंजीवर बसून गात होती, तन्मयची बोटं तारांवर फिरत होती, मध्येच तो गिटार बाजूला ठेवून दिमडी उचलत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, व्यवस्था बघणारा माणूस उभा राहतो तसा हाताची घडी घालून उभा. गिटारच्या जाड तारा कळत होत्या. सायलीचा आवाज बंद खिडकीबाहेरून कुणी बोलावं तसा येत होता, शब्द एकही नाही. लोकांचे चेहरे मात्र उजळलेले. मीही तसाच चेहरा केला आणि मान हलवली. आपण इथं सगळ्यात मोठा लबाड माणूस आहोत, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

दुसरं गाणं निम्म्यावर आलं आणि सायली थांबली. तिनं डोळे मिटून मान तिरपी केली. मी तिच्या ओठांवरून वाचलं, "कसली तरी शिट्टी येतेय."

तीस माणसांनी कान टवकारले आणि एकेक करून माना हलवल्या. हो, येतेय. बारीक आहे, पण येतेय. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला काही म्हणजे काही येत नव्हतं. पण धंद्याची सवय अशी की मी डोळे बारीक केले, एक बोट वर धरलं आणि म्हणालो, "अच्छा. ही होय." मग जी शोधतोय ती गोष्ट ऐकू येत नसलेला माणूस शोधायला निघाला.

आधी फ्रीजपाशी गेलो. फ्रीज बंदच होता. हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "कम हुई." हॉलमध्ये परत आलो. "फिर आई." टीव्हीच्या डब्याशी वाकलो, तर तिथं बसलेल्या दोघी म्हणाल्या, इथंच आहे, अगदी इथंच. डब्याची वायर काढली. माशांच्या टाकीवर ओणवा झालो, पंप तर सकाळपासून बंद, तरी सगळे ओरडले, "मछली! मछली में से आ रही है!" वृंदाताईंनी मासे पातेल्यात काढून बाल्कनीत नेले. भाजीवाल्याच्या शेजारी गेलो तेव्हा त्यानं घाबरून आपणहून टेप खिशातून काढून त्याचे सेल माझ्या हातावर ठेवले. खन्नाजींनी मोबाइल बंद केला, मग घड्याळ उतरवून बाहेर जिन्यात ठेवून आले. मी ज्याच्याजवळ जाई तो गुन्हेगार ठरत होता. तन्मय गिटार उलटीसुलटी करून बघत होता. सायली घोटघोट पाणी पीत होती, आणि मैफल हातची चालली हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्या पोरांनी दोन दिवसांचा प्रवास करून एवढ्या तासाभरासाठी गळा सांभाळला होता, आणि ज्याला शांतता सांभाळायला ठेवलं तो हॉलमध्ये गोल गोल फिरत होता.

शेवटी मी अप्पांच्या खुर्चीजवळ येऊन थांबलो. सुचेना म्हणून थांबलो. खन्नाजींनी हात वर केला.

"अंकलजी के सीने में मशीन है न?"

सगळ्यांनी अप्पांच्या छातीकडे बघितलं. वृंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. "अहो, कसं वाटतंय? सेल संपत आला की वाजतं का हो ते?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग काठी टेकून उठले आणि शांतपणे म्हणाले, "बिल्कुल, मेरी ही मशीन है. आप लोग गाना सुनो, मैं अंदर बैठता हूँ. वृंदा, तू बस. साळवे, तुम्ही या माझ्याबरोबर."

मी त्यांचा दंड धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं तेव्हा बाहेरून खन्नाजींचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "चली गई!" आणि टाळ्या.

पलंगावर बसल्यावर मी विचारलं, "अप्पा, डॉक्टरला फोन करू?"

"डॉक्टरला कशाला? शिट्टी तुमच्या खिशात आहे." अप्पा ठासून, एकेक शब्द तोडून बोलले, जसं फक्त बहिरा माणूस बहिऱ्याशी बोलतो. मग त्यांनी कानावरचे केस मागे सारले. कानामागे माझ्यासारखंच मशीन होतं. "केस का वाढवलेत असं वाटतं तुम्हाला? रुमालात गुंडाळलं की ओरडतं ते. कानात घातलं की गप्प बसतं. माझं दोनदा झालंय, एकदा तर बँकेत."

मी रुमाल उघडला. चिमुकलं मशीन गप्प दिसत होतं, पण बोट लावल्यावर हाताला बारीक कंप लागला. लहानसा माइक, लहानसा स्पीकर, आणि दोघांची तोंडं मीच एकमेकांकडे करून बांधलेली. आयुष्यभर जी शिट्टी मी कुठल्या मंडपात वाजू दिली नाही, ती अर्धा तास स्वतःच्या छातीवर घेऊन हिंडत होतो. मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्हाला मघापासून कळलं होतं?"

"तुम्ही माशांवर वाकलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तीस माणसांसमोर?" अप्पा म्हणाले. "पण आता घाला ते. मलाही गाणं ऐकायचंय. पंधरा दिवस हीच वाट बघत होतो, आणि माझ्याच घरात मला बेडरूममध्ये बसवलंय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, म्हणूनच ते मला लागलं. दार उघडून मी मागच्या मागे निघून गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पेसमेकर बदनाम झाला असता आणि माझं दुकान चालू राहिलं असतं. खोटं बोलणार नाही, तो विचार माझ्या मनात आला. पण अप्पा काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून दाराकडे बघत होते, आणि त्यांच्या घरचं गाणं दाराच्या पलीकडे चाललं होतं.

मी मशीन कानावर चढवलं, अप्पांचा हात धरला आणि दार उघडलं. गाणं नुकतंच संपलं होतं. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि आधी मराठीत, मग हिंदीत सांगितलं, "अप्पांचं मशीन ठीक आहे. शिट्टी माझी होती. कानाचं मशीन खिशात ठेवलं होतं. मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, दोन वर्षं झाली." एवढं बोलून मी कान सगळ्यांना दिसेल असा वळवला, जणू कुणी पुरावा मागितला होता.

खन्नाजी जिन्यातलं घड्याळ आणायला गेले. भाजीवाल्यानं माझ्याकडून आपले सेल परत घेतले. अप्पा खुर्चीत बसले, आणि बसता बसता त्यांनी दोन्ही बाजूंचे केस कानामागे नीट खोचले. वृंदाताई त्यांच्याकडे बघत होत्या. सायली हसून म्हणाली, "काका, मग दुसरं गाणं पुन्हा म्हणते. ते तुम्ही ऐकलंच नाही ना?"

मी रूथशेजारी सतरंजीवर बसलो. सायलीनं गायला सुरुवात केली. आईनं गावाहून पाठवलेल्या पिशवीचं गाणं होतं. पिशवीत शेंगा, शेंगांखाली साखर, साखरेखाली चिठ्ठी. सगळे श, सगळे स, सगळे च, दोन वर्षं रुसून बसलेले, एकेक करून समोर येत होते. तार सोडताना तन्मयचं बोट घासल्याचा आवाजसुद्धा येत होता. पोरगी चांगली गात होती. हे मी आता चेहरे न बघता सांगू शकतो.

त्यानंतर करोल बागेतली कामं कमी झाली, हे खरं आहे. ते होणारच होतं. त्याची मला खंत आहे आणि ती मी लपवत नाही.

पण त्या दुपारी, गाणं रंगात आलेलं असताना, मला आणखी काहीतरी ऐकू येऊ लागलं. टिक, टिक, टिक. मी वर बघितलं. भिंतीवर, अगदी सायलीच्या डोक्यावर, मोठं घड्याळ चालू होतं. शनिवारच्या यादीत ते नव्हतंच. मला ते तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. मी घाईघाईनं उठायला लागलो, तर रूथनं माझा हात धरून खाली ओढलं आणि कानाशी न येता, माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "असू दे. बसा."

आणि ते मला पहिल्याच वेळी ऐकू आलं.